आधी पाण्याची वाट, मग फरशी : काळ्या मातीवरच्या जुन्या न्हाणीघराचं नूतनीकरण

परभणी, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, गंगाखेड या गावांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या घरांची एक ठरावीक मांडणी असते. नऊ इंची विटांच्या भिंती, त्यावर स्लॅब आणि परसाकडच्या कोपऱ्यात एकमेकांना लागून न्हाणी आणि संडास. दोन्ही जेमतेम चार बाय चार फुटांचे, मध्ये साडेचार इंची भिंत. न्हाणीत शहाबादी फरशी, संडासात दोन पायऱ्या चढून बसवलेलं भांडं आणि या दोन्हींच्या डोक्यावर पाण्याची टाकी. घर बांधलं तेव्हा एवढं पुरत होतं. आता घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या पायऱ्या चढवत नाहीत, उकिडवं बसता येत नाही, गिझरला आणि वॉशिंग मशीनला जागा नाही. मग मधली भिंत काढून दोन्हींचं एक ऐसपैस बाथरूम करायचं ठरतं आणि घरची मंडळी टाइल्सच्या दुकानात जातात.

टाइल्सचं दुकान हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे. परभणी जिल्ह्यात बाथरूम मोडून नवं करायचं तर आधी माती आणि पाणी समजून घ्यावं लागतं, मग भिंत, मग ढाळ, आणि सर्वांत शेवटी फरशी. हा क्रम उलटला की महागातली टाइल दोन पावसाळ्यांत तडकते आणि दोष मात्र गवंड्याला दिला जातो. म्हणून हे काम ज्या क्रमाने व्हायला हवं त्याच क्रमाने पाहू.

खालची माती काय करते

आपल्याकडची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यातले चिकणमातीचे बारीक कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. कापसाला, सोयाबीनला ही माती वरदान आहे, कारण ती ओल धरून ठेवते. पायाला मात्र हाच गुण जाचतो. पावसाळ्यात जमीन वर उचलते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणूनच इथले जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खोदायचा आग्रह धरत. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर बूड असलेले, साधारण साडेतीन मीटर खोलीचे पाइल घ्यायची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली आहे. ओल जिथे वर्षभर फारशी बदलत नाही, तिथे घराचा भार पोचवायचा, हा दोन्हींमागचा विचार.

आता यात बाथरूम कुठे येतं ते पाहा. ते घराच्या कोपऱ्यात असतं आणि त्याच्याखालचा पाइप कुठेतरी गळत असतो. घराभोवतीची बाकीची जमीन उन्हाळ्यात वाळून खाली बसते, पण हा एक कोपरा बारमाही ओला राहून फुगलेलाच राहतो. घराचा एक कोपरा वर आणि उरलेली बाजू खाली, अशी ओढाताण सुरू होते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात त्या यातूनच. अशा भेगा पुट्टीने बुजवून वर टाइल लावली, तर पुढच्या वर्षी टाइलच्या सांध्यातून त्याच भेगा बाहेर येतात.

मोडतोडीआधीची पाहणी

काम काढण्याआधी शक्यतो एक पावसाळा आणि एक उन्हाळा भेगांवर नजर ठेवावी. भेगेच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवावी. हालचाल चालू असेल तर काच तडकते. काच शाबूत राहिली तर ती भेग जुनी आहे आणि आता थांबली आहे असं समजावं.

दुसरी तपासणी मैल्याच्या पाइपची. परसातल्या चेंबरचं झाकण उघडावं, संडासात एक बादली पाण्यात नीळ कालवून ओतावी आणि चेंबरपाशी थांबावं. निळं पाणी लगेच आणि जवळजवळ सगळं आलं तर पाइप ठीक आहे. उशिरा, थोडंथोडं आलं तर वाटेत चोंदलंय. अर्धंच आलं तर उरलेलं पायाखाली मुरतंय. असं असेल तर भिंतीच्या आधी पाइप बदलायचा.

तिसरी गोष्ट म्हणजे मापं. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वतंत्र न्हाणीघर किमान १.८ चौरस मीटरचं, तर न्हाणी-संडास एकत्र असल्यास किमान २.८ चौरस मीटरचं आणि १.२ मीटर रुंद असावं. चार बाय चारची एकटी न्हाणी दीड चौरस मीटरच्या आतबाहेर भरते, म्हणजे आजच्या मापाला ती अपुरीच आहे. मधली भिंत काढली की चार बाय साधारण सव्वाआठ फूट, म्हणजे तीन चौरस मीटरच्या पुढे जागा मिळते. दोन्ही एक करण्याचा विचार म्हणूनच योग्य आहे. फक्त चाकाची खुर्ची आत पूर्ण वळवायची असेल तर पाच फुटांचं मोकळं वर्तुळ लागतं आणि चार फुटी रुंदीत ते बसत नाही. तशी गरज असेल तर बाहेरची भिंतच सरकवावी लागेल. हे सुरुवातीलाच ठरवावं.

कोणती भिंत भार घेते

गिलाव्यासह दहा-साडेदहा इंच भरणारी भिंत नऊ इंची समजावी. खांब-बीम नसलेल्या घरात ती स्लॅबचा भार घेतेच. गिलाव्यासह साडेपाच-सहा इंच भरली तर ती साडेचार इंची, म्हणजे बहुधा नुसता आडोसा. बहुधा म्हणायचं कारण डोक्यावरची टाकी. हजार लिटर पाण्याचं वजन एक टन. जुन्या घरांत टाकीचे ओटे अनेकदा नेमके या मधल्या भिंतीच्या वर आलेले असतात आणि आडोशाची भिंत वर्षानुवर्षं मुकाट्याने तो भार घेत उभी असते. म्हणून भिंतीवर घण पडण्याआधी टाकी रिकामी करून खाली उतरवायची. नव्या जागी ती ठेवताना तिचा भार नऊ इंची भिंतींवर किंवा बीमवर येईल अशी मांडणी इंजिनिअरकडून करून घ्यायची.

फरशी, गिलावा, नळ बदलणं ही दुरुस्ती झाली. भार घेणारी भिंत, खांब, बीम किंवा स्लॅब यांना हात लागणार असेल तर तो रचनेतला बदल ठरतो. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नकाशा घ्यावा आणि महानगरपालिकेत किंवा नगरपरिषदेत परवानगीची विचारणा करावी. हे नुसतं कागदपत्रांपुरतं नाही. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या आधारालाच धक्का लागल्याचा आरोप झाला. आपली घरं एक-दोन मजली असतात, पण नियम तोच आहे. वरचा भार आधी दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचा आणि मगच खालचा आधार काढायचा.

भार घेणारी भिंत उघडायची रीत

समजा न्हाणी आतल्या खोलीला जोडायची आहे आणि नऊ इंची भिंतीत रुंद दार पाडायचं आहे. सुरुवात टेकूंपासून होते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना, साधारण दोन-अडीच फूट अंतर सोडून, स्लॅबला लोखंडी जॅकचे टेकू द्यायचे. टेकूच्या खाली आणि वर जाड फळी हवीच, नाहीतर सगळा भार फरशीच्या एकाच बिंदूवर येतो. मग दारावर जो नवा बीम येणार त्याच्या वर भिंतीत आरपार भोकं पाडून त्यांतून लोखंडी दांडे घालायचे आणि त्यांची दोन्ही टोकं टेकूंवर टेकवायची. वरची वीट आता या दांड्यांवर तोलली जाते.

यानंतर भिंत वरून खाली, थोडी थोडी, छिन्नी-हातोड्याने काढायची. ब्रेकर मशीनच्या हादऱ्याने जुन्या चुन्या-सिमेंटचे सांधे सुटतात. मोकळ्या झालेल्या जागेत इंजिनिअरने सांगितलेल्या मापाचं लोखंडी गर्डर किंवा आरसीसी बीम बसवायचं. त्याची दोन्ही टोकं निदान सहा ते नऊ इंच भिंतीवर टेकायला हवीत, आणि तीही नुसत्या विटेवर नकोत, काँक्रीटच्या ठोकळ्यावर हवीत. बीम आणि वरची वीट यांच्यामधली फट कोरड्या मसाल्याने किंवा न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरायची. फट राहिली तर टेकू काढताच वरची भिंत तेवढी खाली बसते आणि भेग पडते.

टेकू काढायची घाई हा सगळ्यात मोठा धोका. भारतीय मानकानुसार सहा मीटरपर्यंतच्या आरसीसी बीमखालचे टेकू किमान १४ दिवस ठेवायचे असतात. पाणी मारणंही तितकंच मोलाचं. उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीट निदान १० दिवस ओलं ठेवावं लागतं. परभणीच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी मारलेलं पाणी तासाभरात उडून जातं. तेव्हा ओलं गोणपाट गुंडाळून ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

वरचा मजला असेल तर वजनाचा हिशेब

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा स्लॅब बहुतेकदा फूटभर खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात पाइप टाकून विटांचे तुकडे भरतात. असा भराव एका चौरस फुटाला सुमारे ५० किलो भरतो. चाळीस चौरस फुटांच्या बाथरूमला तो दोन टन झाला, आणि वर्षानुवर्षं झिरपणाऱ्या पाण्याने तो आणखी जड होतो. नव्या कामात हा भराव पूर्ण काढून त्याजागी हलके सच्छिद्र सिमेंट ब्लॉक वापरले तर वजन जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवणं सोपं आणि स्वस्त वाटतं. पण मसाला आणि टाइल मिळून एका चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास भार वाढतो. घरातल्या बाथरूमचा स्लॅब माणसं आणि सामान यांच्यासाठी दर चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून आखतात. म्हणजे त्यातला अर्धा आपण नुसत्या फरशीत संपवतो, तोही सळई गंजलेल्या जुन्या स्लॅबवर. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळून सहा जणांचा जीव गेला. फरशी हे किरकोळ काम नव्हे, हे त्या घटनेने दाखवून दिलं. स्लॅबच्या खालच्या बाजूला काँक्रीटचे पोपडे सुटलेले दिसत असतील, सळई उघडी पडली असेल, तर आधी स्लॅबची दुरुस्ती करायची आणि मगच पुढे जायचं.

दोन पायऱ्या का होत्या आणि त्या कशा जातील

जुना संडास उंचावर बांधला तो पाइपच्या ढाळासाठी. मैल्याच्या चार इंची पाइपला ४० ते ६० फुटांना एक फूट उतार लागतो. कमी दिला तर मैला साचतो, फार दिला तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. भांडं उंच आणि सेप्टिक टँकचं तोंड उथळ ठेवलं की खोल खणावं लागत नसे.

आता फरशी खोलीच्या पातळीला आणायची तर हा हिशेब नव्याने मांडायचा. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो, एक टोक नव्या फरशीच्या खुणेला धरतो, दुसरं चेंबरपाशी नेतो. नळीतलं पाणी स्थिरावलं की चेंबरच्या भिंतीवर तीच पातळी मिळते. तिथून चेंबरच्या तळापर्यंत फूटपट्टी धरायची. समजा अंतर १८ इंच आलं आणि पाइपची लांबी २० फूट आहे. ४० ला एक या उताराने ६ इंच ढाळात गेले आणि १२ उरले. त्यात पाइपची जाडी, भांड्याखालचं वळण आणि फरशीचा थर जेमतेम बसतात. अंतर १८ ऐवजी १२ इंच असतं तर बसले नसते. मग चेंबर खोल करायचा किंवा भिंतीतून आडवा निघणारा, म्हणजे पी-ट्रॅपचा कमोड घ्यायचा. कमोड विकत घेण्याआधी हे माप हातात हवं, कारण खाली जाणाऱ्या एस-ट्रॅपच्या भांड्यात भिंतीपासून नऊ की बारा इंच हा फरकही नंतर भरून काढता येत नाही.

काळ्या मातीतला पाइप आणि सांडपाणी

फुगणाऱ्या मातीत कडक जोडाचा पाइप जोडापाशीच तुटतो. म्हणून चरात खाली आणि भोवती वाळू किंवा बारीक मुरूम भरावा, काळी माती परत टाकू नये. भिंतीतून पाइप बाहेर पडतो तिथे मोठ्या मापाच्या पाइपचा तुकडा बसवून त्यातून तो न्यावा, म्हणजे घर किंवा जमीन थोडी हलली तरी पाइप पिचत नाही. बाहेरच्या भागात रबर रिंगचे जोड थोडी हालचाल सोसतात. मैल्याचा पाइप आणि अंघोळीच्या पाण्याचा पाइप वेगळे ठेवावेत. अंघोळीच्या पाण्यावर परसातली केळ, लिंब वाढते आणि टँकवरचा ताण कमी होतो.

शोषखड्ड्याबाबत काळजी घ्यावी लागते, कारण काळ्या मातीत पाणी फार हळू मुरतं. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारं आणि डास हटवले. ते आपल्याकडेही जमतं, पण खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे. दोन खड्ड्यांच्या संडासात तर काळ्या मातीसाठी बांधकामाच्या बाहेरून चोहीकडे ३० सेंटीमीटर जाडीचा वाळू-खडीचा थर द्यायची शिफारस आहे. खड्डा पायापासून आणि विहीर-बोअरपासून लांब ठेवावा. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावा, तोही यंत्रानेच. संरक्षक साधनांशिवाय टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतला वायू काही क्षणांत जीव घेतो. ही गोष्ट कुणाच्याही सांगण्यावरून मोडू नये.

भिंतीतल्या खाचा

जुने लोखंडी पाइप आतून गंजून अर्धे बंद झालेले असतात. त्यांच्या जागी सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) पाइप घालताना भिंतीत खाचा पाडाव्या लागतात. मानक सांगतं की उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. नऊ इंची भिंतीत उभी खाच तीन इंच, आडवी फक्त दीड इंच. साडेचार इंची भिंतीत आडवी खाच पाऊण इंचाच्या पुढे नको. आडवी खाच भिंतीला कापल्यासारखी कमकुवत करते, म्हणून पाइप वरून खाली उभे आणावेत. गिलाव्याआधी पाइपात दाबाने पाणी भरून एक दिवस ठेवावं आणि प्रत्येक जोडावर कोरडा हात फिरवून पाहावा. बोअरच्या जड पाण्याने शॉवरची छिद्रं आणि गिझरची कॉइल क्षाराने भरतात. बंद करायचे कॉक भिंतीत न झाकता हाताशी ठेवले तर साफसफाई सोपी जाते.

पाणीबंद, मग फरशी

कोब्यावर भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यांत मसाल्याची गोलाई करावी, कारण काटकोनात पाणीबंद कोटिंग आधी फाटतं. कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. भिंतीवर ते सगळीकडे फूटभर आणि शॉवरपाशी सहा फुटांपर्यंत चढवावं. फरशीवरचं पाणी बाहेर नेणाऱ्या नहाणी ट्रॅपच्या गळ्याभोवती जास्त लक्ष द्यावं, कारण गळती बहुतेकदा तिथूनच सुरू होते. मग ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी कोंडावं आणि तीन दिवस ठेवावं. खालच्या छताला, बाजूच्या भिंतीला ओल आली नाही तरच टाइल्स उतरवायला सांगावं. ही चाचणी कामाच्या करारात लिहून घ्यावी आणि पैशांचा एक हप्ता तिच्याशी बांधावा.

टाइल खडबडीत, मॅट घ्यावी. जमिनीचा ढाळ आठ फुटांना सव्वा इंच पुरतो. हात धरायचे स्टीलचे दांडे टाइलमध्ये नव्हे, विटेत पक्के बसवावेत. दार बाहेर उघडावं, म्हणजे आत कुणी पडलं तर दार उघडण्यात अडथळा येत नाही. हवेसाठी खिडकी किंवा झरोका निदान चार चौरस फुटांचा असावा. गिझरच्या वायरीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. आणि आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी टाकत राहावं, नाहीतर अर्थिंग नावालाच उरतं.

कधी करावं, पैसा कुठे घालावा

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. जमीन फार फुगलेली नसते, फार आकसलेलीही नसते, आणि काँक्रीटला ऊन छळत नाही. बजेट अपुरं पडलं तर टाइलच्या दर्जात कपात करावी. बीम, पाइप आणि कोटिंगमध्ये काटकसर करू नये, कारण टाइल कधीही बदलता येते, पण तिच्याखालचं काम पुन्हा उकरायचं म्हणजे सगळा खर्च नव्याने.

काम संपल्यावर घराबाहेर, भिंतीलगत तीन फूट रुंदीची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करून घ्यावी. पावसाचं पाणी पायापासून दूर गेलं की काळ्या मातीची निम्मी खोड तिथेच थांबते. पाइप झाकण्याआधी मोजपट्टी शेजारी धरून काढलेले फोटो आणि इंजिनिअरचा नकाशा घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. दर वर्षी मृगाच्या आधी चेंबर उघडून निळीची परीक्षा एकदा करावी आणि दसऱ्याच्या सुमारास भेगांवरच्या खुणा तपासाव्यात. वर्षातून या दोन वेळा लक्ष दिलं, तर बाथरूमच नव्हे, त्याच्या शेजारची सगळी भिंत पुढच्या पिढीपर्यंत सरळ उभी राहील.